पीआरची फाईल आणि बाळंतपणाची तारीख, दोन्ही एकदमच (कॅनडा)

दिंडोरीची लेक

नमस्कार. इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी फिजिओथेरपिस्ट, गंगापूर रोडला एका क्लिनिकमध्ये आहे. नवरा अंबड एमआयडीसीत टूलरूमला. माहेर दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबाग आहे. कॅनडाची एक्स्प्रेस एंट्रीची (वय, शिक्षण, भाषा अशा गुणांवर पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, द्यायची पद्धत) फाईल माझ्या नावावर आहे, म्हणजे मुख्य अर्जदार मी आणि नवरा सोबत. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी जी वेगळी फेरी काढतात, तीत आमंत्रण आलं. हल्ली मेडिकल अर्जाआधीच करून जोडावं लागतं. ते ऑगस्टच्या अखेरीस मुंबईला जाऊन केलं आणि सप्टेंबर संपता संपता अर्ज भरला. आता नोव्हेंबरमध्ये कळलंय की बाळ येतंय. जूनच्या मध्यावरची तारीख दिली आहे.

आनंद आहेच. पण घरात रोज एक नवा सल्ला निघतो. आईचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. तिच्या हिशेबानं पीआर हातात आला की दोघांनी जाऊन शिक्का मारून यायचं, बाळंतपणाला दिंडोरीला परत यायचं आणि बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की कायमचं निघायचं. सासूबाई म्हणतात जायचंच असेल तर आत्ताच जा, नाहीतर ते राहूनच जाईल. कन्सल्टंटला विचारलं तर तो म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका मॅडम, आईवडिलांचा पीआर असला की बाळाला आपोआप मिळतो."

हे खरं आहे का? आणि बाळाबद्दल त्यांना आत्ता कळवायचं की जन्मल्यावर?

बर्फाळ नाशिककर

अभिनंदन ताई! मी मूळचा नाशिकरोडचा, सध्या ओंटारियोत.

कन्सल्टंटचं वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. ते साफ चूक आहे. पीआर ज्याचा त्याला मिळतो, वारशानं उतरत नाही. बाळ कॅनडाच्या भूमीवर जन्मलं तर ते जन्मतःच तिथलं नागरिक, मग आईबाप पीआर असोत की व्हिजिटर (परदेशी वकिलातींतले अधिकारी तेवढे अपवाद). तेच बाळ नाशिकला जन्मलं तर ते भारतीय नागरिक. आईबापाकडे पीआर कार्ड असलं तरी कॅनडाच्या लेखी त्या बाळाला तिथे राहायचा काहीही हक्क नाही.

त्यामुळे आईंचा "शिक्का मारून या, बाळंतपणाला परत या" हा बेत ऐकायला सगळ्यांत सोयीचा आणि कागदावर सगळ्यांत वाईट. तुम्ही लँडिंग केलंत, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा कॅनडात उतरलात, की तुमची फाईल बंद होते, त्यात नंतर बाळ घालता येत नाही. मग त्याला वेगळं स्पॉन्सर करावं लागतं. त्यातही पीआरधारकाला स्पॉन्सर करायचं असेल तर त्यानं कॅनडात राहत असायला हवं. भारतात बसून स्पॉन्सर करायची मुभा फक्त नागरिकांना आहे. म्हणजे दोघांपैकी एकानं इकडे येऊन राहायचं, दुसऱ्यानं तान्हं घेऊन तिकडे. बाळाला मधल्या काळासाठी व्हिजिटर व्हिसा मागता येतो, पण तो मिळेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

माझ्या ओळखीत एका जोडप्याचं हेच झालं. ती बाळंतपणासाठी भारतात गेली, त्याची नोकरी ब्रॅम्पटनला. बाळाची फाईल मंजूर होईपर्यंत बापानं मुलगी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिली. पहिल्यांदा कडेवर घेतली तेव्हा ती त्याला बघून रडली म्हणे.

कळवण्याबद्दल: गरोदर असल्याचं कळवायची सक्ती नाही. पण फाईल चालू असताना, म्हणजे लँडिंग होण्याआधी बाळ जन्मलं, तर ते ताबडतोब आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्मवर कळवायचं. पीआर व्हिसा हातात आलेला असला तरीही. न कळवता विमानात बसलात तर इमिग्रेशन नियम ११७(९)(ड) खाली ते मूल पुढे फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना स्पॉन्सर करायच्या वर्गातून) आणणं फार अवघड होऊन बसतं. विमानतळावरचा अधिकारी कुटुंबात काही बदल झालाय का हे विचारतो, त्यामुळे "कळलं नव्हतं" चालत नाही.

चिवडाप्रेमी

वाचतोय. आमची फाईल पण याच टप्प्यात आहे, बाळ सोडून.

अस्मि (मेलबर्न)

ऑस्ट्रेलियातही हा सापळा आहे, म्हणून लिहिते. अर्जाचा निर्णय व्हायच्या आधी बाळ झालं तर त्याला अर्जात घालता येतं. पीआर मंजूर झाल्यावर भारतात बाळ झालं तर मात्र त्याच्यासाठी वेगळा चाइल्ड व्हिसा, सबक्लास १०१, आणि त्याची रांग लांबलचक. आईबापांपैकी एक जण जरी पीआर असेल आणि बाळ ऑस्ट्रेलियात जन्मलं तर ते थेट नागरिक. इथे १९८६ पासून नुसतं जन्मस्थान पुरत नाही.

माझ्या वेळी अडचण वेगळी होती. मेडिकलची वेळ आली आणि मी चौथ्या महिन्यात. छातीचा एक्स-रे बाळंतपणानंतर करायचा पर्याय देतात, तो मी घेतला. फाईल तेवढी लांबली, पण पुढे तिघांची एकत्र मंजूर झाली. लेकीचा जन्म नाशिकचा, शिवाय महिनाभर माहेरी राहायला मिळालं ते वेगळंच. ताई, तुमचा एक्स-रे आधीच होऊन गेलाय. म्हणून तुम्हाला हा वेळकाढूपणा करता येणार नाही, एवढाच काय तो फरक.

सिडकोवाला

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एवढी कसरत करून जायचं कशाला? नाशिक आता पूर्वीचं राहिलेलं नाही. समृद्धीनं मुंबई जवळ आली, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, फिजिओला इथे पेशंट कमी नाहीत. नवऱ्याला टूलरूमचा अनुभव असेल तर सातपूर-अंबडमध्ये स्वतःचं युनिट टाकता येईल. सोबतीला दोन्हीकडचे आजी-आजोबा. तिकडे जाऊन डे-केअरच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव लावायचं आणि उणे वीसमध्ये स्ट्रोलर ढकलायचा. यालाच प्रगती म्हणतात का?

दिंडोरीची लेक

सिडकोवाला, राग नाही. पण युनिट टाकायला भांडवल लागतं आणि आमच्याकडे ते नाही. एका गारपिटीत आख्खं वर्ष गेलेलं मी घरात बघितलंय. तेव्हा "इथेच किती छान आहे" हे मला बाहेरच्या कुणी सांगायची गरज नाही. जायचं हे आमचं ठरलंय. धागा कसं जायचं याचा आहे.

बर्फाळ नाशिककर, मनापासून आभार. आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली. म्हणजे पटलंय, पण कबूल करायचं नाहीये.

एक विचारायचं होतं. मी इथेच बाळंत होते, नवरा आधी पुढे जाऊन घर-नोकरी बघतो, मग मी बाळाला घेऊन जाते. असं नाही का चालणार?

बर्फाळ नाशिककर

नाही. मुख्य अर्जदार तुम्ही आहात. सोबतचा जोडीदार मुख्य अर्जदाराबरोबर किंवा त्याच्यानंतर लँड होऊ शकतो, आधी नाही. फाईल त्यांच्या नावावर असती तर ते एकटे पुढे जाऊ शकले असते. पण तेव्हाही बाळ आधी जन्मलं असतं तर कळवायचं बंधन होतंच.

आता तुमच्या तारखा मांडून बघू. एक्स्प्रेस एंट्रीचं ठरवलेलं उद्दिष्ट सहा महिन्यांचं. सप्टेंबरअखेर अर्ज, म्हणजे निर्णय मार्चअखेर धरा. थोडं मागेपुढे होतं. तेव्हा तुमचा एकोणतिसावा-तिसावा आठवडा चालू असेल. पासपोर्ट व्हिसा सेंटरला देऊन परत मिळेपर्यंत एप्रिल उजाडेल. विमान कंपन्या साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तिसाव्यानंतर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. तुमचा छत्तिसावा येतो मेच्या मध्यावर. म्हणजे एप्रिलचे तीन-चार आठवडे आणि मेची सुरुवात, एवढीच फट आहे.

या फटीत निघालात तर बाळ कॅनडात जन्मेल आणि त्याच्या कागदांचा प्रश्नच उरणार नाही. फट हुकली तर हट्टानं आणि घाईनं काही करू नका. भारतातच बाळंत व्हा, बाळाला फाईलमध्ये घाला, तिघं मिळून जा. या दोन्हींच्या मधला रस्ता तेवढा टाळा.

म्युनिककर

थोडं अवांतर, पण कुणी देश निवडायच्या टप्प्यावर असेल तर. जर्मनीत याचं दडपण बरंच कमी आहे. मी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, आलो. जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांत आणि ए१ असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. ब्लू कार्डवाला आणि त्याचं कुटुंब सलग १२ महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तरी परवाना जात नाही, त्यामुळे बायको बाळंतपणाला निवांत सिन्नरला जाऊन आली. बाळाला फॅमिली व्हिसा काढावा लागला, तो निघाला.

इथे जन्मलेल्या मुलाला मात्र लगेच नागरिकत्व नाही. आई किंवा बाप पाच वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे कायमचा हक्क असेल तरच. दुसऱ्या बाळाच्या वेळी आम्ही त्यात बसलो. बाळंतपणानंतर हेबामे घरी येते, म्हणजे आपली सुईण म्हणा, पण रीतसर शिकलेली. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते आणि पैसे विमा भरतो. बायकोची आई या हेबामेवर सुरुवातीला भयंकर नाराज होती, कारण ती बाळाला मालिश फार हलक्या हातानं करते!

इंदिरानगरची काकू

हेबामेवरून आठवलं. मी मुलीच्या बाळंतपणाला कॅनडात जाऊन आले आहे, म्हणून मला चार शब्द बोलायचा अधिकार आहे असं समजते.

बाळ, माहेरचं बाळंतपण म्हणजे माहेरची जमीन नव्हे, माहेरची माणसं. आईला तिकडे बोलव. तुझी तारीख जूनची आहे, म्हणजे थंडीचा प्रश्न नाही. मी गेले तेव्हा जानेवारी होता. बाळाच्या दुपट्यांसाठी ऊन शोधत मी घरभर फिरायचे. शेकशेगडीचा हट्ट तर सोडच, धूर झाला की छतावरची घंटा वाजायला लागते. खोबरेल कोमट करून मालिश करायची आणि हीटरशेजारी बसायचं. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा मी घेऊन गेले होते. जे खायचं नेशील ते विमानतळावरच्या फॉर्मवर लिहून दे. लपवलं की दंड होतो, लिहिलं तर फार तर काढून घेतात. माझे डिंकाचे लाडू त्या अधिकाऱ्यानं उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले.

सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला सांगू? दुसऱ्या आठवड्यात जावयाची सुट्टी संपली आणि मला तिथली बस कळेना. तेव्हा आईला नुसतं तिकीट काढून पाठवू नका, आधी थोडं शिकवून ठेवा.

दिंडोरीची लेक

काकू, "माहेरची माणसं" हे आईला वाचून दाखवलं. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मी मोकळीच आहे, असं म्हणाली. फेब्रुवारी-मार्चची तारीख असती तर तिला बागेतून कुणी हलवू शकलं नसतं.

हाडवैद्य

मीही फिजिओ, अल्बर्टात. बाळाच्या गडबडीत एक गोष्ट राहून जाते म्हणून लिहितोय. पीआर मिळाला म्हणजे तुम्हाला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येईल असं नाही. आधी सीएपीआरकडून (इकडच्या फिजिओ नियामक मंडळांची संघटना) पदवीची तपासणी, मग त्यांची परीक्षा, मग त्या प्रांताच्या कॉलेजची (म्हणजे परवाना देणाऱ्या मंडळाची) नोंदणी. एक्स्प्रेस एंट्रीसाठी केलेली पदवीची तपासणी यात चालत नाही, ती वेगळी. विद्यापीठानं थेट पाठवायचे कागद असतात, आणि आपल्याकडच्या विद्यापीठाला पत्र पाठवायला लावणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच. नाशिकमध्ये आहात तोवर ते उरकून घ्या. तुमच्या आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकातच, म्हसरूळला आहे. आम्ही नागपूरहून खेटे घालायचो. तोवर इथे फिजिओ असिस्टंट म्हणून काम मिळू शकतं.

पैशाचंही पाहून ठेवा. इकडची पगारी प्रसूती रजा म्हणजे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स. आईला १५ आठवडे, पुढे पालक रजा दोघांत वाटून ४० आठवडे (एकाला ३५ पेक्षा जास्त नाही), पगाराच्या ५५ टक्के आणि त्यालाही कमाल मर्यादा. पण त्यासाठी मागच्या ५२ आठवड्यांत ६०० तास विम्याखालचं काम झालेलं असावं लागतं. एप्रिलमध्ये येऊन जूनमध्ये बाळंत होणाऱ्या बाईचे ते होणारच नाहीत. तेव्हा पहिलं वर्ष एका पगारावर, तेही नवऱ्याला लवकर नोकरी लागली तर, असं धरून चाला. कॅनडा चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) पीआरधारकाला पहिल्यापासून मिळतो. सहा वर्षांखालच्या मुलामागे जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर. उत्पन्न वाढलं की तो कमी होत जातो, पण नव्यानं आलेल्यांना बहुतेक वेळा बऱ्यापैकी मिळतो. डायपरचा खर्च निघतो म्हणा.

बर्फाळ नाशिककर

हाडवैद्यांना अनुमोदन. याला जोडून एक गोष्ट, जी तुमच्या बाबतीत लाखमोलाची आहे: प्रांत नीट बघून निवडा. ओंटारियोत आरोग्य विम्यासाठी थांबावं लागत नाही, पूर्वीची तीन महिन्यांची अट २०२० मध्ये काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात मात्र आलात तो महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. तुम्ही २० एप्रिलला व्हँकुव्हरला उतरलात तर विमा १ जुलैपासून आणि बाळ जूनच्या मध्यावर! विम्याशिवाय सिझेरियनचं बिल म्हणजे तुमची सगळी शिल्लक गेली समजा. तिथे कोणी नातेवाईक आहेत म्हणून जात असाल तर आधी हा हिशेब करा.

आणि बत्तिसाव्या आठवड्यात नव्या शहरात डॉक्टर पटकन मिळेल असं धरू नका. इकडे प्रसूतीतज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, कुणीतरी पाठवावं लागतं. मिडवाइफ क्लिनिकला मात्र थेट फोन करता येतो. तारीख ठरली की नाशिकहूनच ईमेल करून नाव घालायला सुरुवात करा. सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, रक्तगट, टिटॅनसच्या नोंदी एका फाईलमध्ये हातातल्या बॅगेत ठेवा.

थांबा पाहू

मला एक साधा प्रश्न पडलाय. एवढी ओढाताण असेल तर फाईल मागे घ्यायची, बाळ होऊ द्यायचं आणि वर्षभरानं पुन्हा टाकायची. काय बिघडतं?

बर्फाळ नाशिककर

बरंच बिघडतं. जोडीदारासह अर्ज असेल तर एकोणतीसनंतर वयाचे गुण दर वर्षी पाचनं उतरतात, चाळिशीनंतर आणखी भरभर. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षंच चालतो. २०२५ च्या मार्चमध्ये नोकरीच्या ऑफरचे गुणही काढून टाकले, आणि पुढच्या वर्षी कुठल्या वर्गवारीला बोलावतील ते तिथल्या मंत्र्यांच्या मनात. हातात आलेलं आमंत्रण असं सोडायचं नसतं. फाईलमध्ये बाळ वाढवलं की फाईल लांबते, मरत नाही.

सातबारा

मी महसूल आणि दस्तांच्या कामातला माणूस. इमिग्रेशनमधलं मला कळत नाही, पण बाळ इथे जन्मलं तर कागद कुठे अडतात ते सांगतो.

दवाखान्यात जन्माच्या नोंदीचा फॉर्म भरताना घाई करू नका. आईबापाची नावं अक्षर न् अक्षर पासपोर्टवर आहेत तशीच लिहायची. आपल्याकडे गोंधळ ठरलेला: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधारवर सासरचं नाव आणि दवाखान्याच्या फॉर्मवर नर्सनं ऐकलं तसं. एकदा महापालिकेच्या नोंदीत ते गेलं की दुरुस्तीला प्रतिज्ञापत्रं आणि चकरा. बाळाचं नाव न घालताही दाखला मिळतो, पण पासपोर्टला नाव लागतंच. म्हणून बारशापर्यंत थांबू नका. नाव आधी ठरवा, बारसं मागाहून थाटात करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही. बाळाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या संमतीचं जोडपत्र ड लागतं. आणि तुमची विवाह नोंदणी झाली आहे ना? मंगल कार्यालयाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे, असं मला महिन्यातून एकदा तरी कुणालातरी सांगावं लागतं.

बाळ तिकडे जन्मून तिकडचं नागरिक झालं तर त्याचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड काढा. आजोबांची बाग पुढे त्याच्याकडे वारसानं येऊ शकते. पण ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही नाही. भावाबहिणींत वाटणी राहिली असेल तर ती निघायच्या आधी करून घेतलेली बरी.

सिडकोवाला

बघा, शेवटी सगळे सातबाऱ्यावरच येतात :)

धागा व्यवस्थापन

मालमत्तेच्या वाटणीवर वेगळा धागा काढावा. इथले दोन प्रतिसाद हलवले आहेत.

चिवडाप्रेमी

पीआरच्या अर्जात खात्यात दाखवायच्या शिल्लक रकमेबद्दल कुणी सांगेल का? बाळ आधी जन्मलं तर कुटुंब तिघांचं धरतात ना?

बर्फाळ नाशिककर

हो. २०२५ च्या जुलैपासूनचा आकडा दोघांना १९,००१ कॅनेडियन डॉलर, तिघांना २३,३६०. म्हणजे बाळ फाईलमध्ये आलं की ४,३५९ डॉलर जास्त दाखवावे लागतात. दर जुलैला हे आकडे बदलतात. आणि हा पैसा पीआर मिळेपर्यंत खात्यात असावा लागतो, नातेवाइकाकडून दोन दिवसांपुरता घेतलेला नको. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी दिसते.

दिंडोरीच्या ताई, अजून एक तारीख वहीत लिहून ठेवा. मेडिकल एक वर्ष चालतं, तुमचं ऑगस्टअखेर संपतं. पीआर व्हिसाची मुदत सहसा त्याच्या पुढे जात नाही. जूनमध्ये भारतात बाळ झालं तर जन्मदाखला, पासपोर्ट, बाळाचं मेडिकल हे सगळं व्हायला ऑगस्ट उजाडेल आणि तुमचं दोघांचं मेडिकल पुन्हा करायला सांगू शकतात. खर्च आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही.

कन्सल्टंटचं नाव इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणाऱ्या कॅनडातल्या सरकारमान्य कॉलेजच्या यादीत आहे का तेही बघा. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायला एकतर वकील लागतो किंवा तो परवाना. यादी कुणालाही ऑनलाइन पाहता येते.

दिंडोरीची लेक

पाहिली. नाही त्याचं नाव. फाईलचं लॉगिन माझ्याकडेच आहे, ते बरं. पासवर्ड बदलला.

काल दोन्ही घरची माणसं बसली होती. असं ठरलंय: १५ एप्रिलपर्यंत पीआर व्हिसा हातात आला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर निघायचं, ओंटारियोतच उतरायचं. डॉक्टर बाई म्हणाल्या बत्तिसावा आठवडा ही माझी हद्द, कंपनीची छत्तीस असेल तर असू दे. त्या तारखेपर्यंत आला नाही तर विषय बंद. बाळंतपण दिंडोरीला आणि मग तिघं. सासरे म्हणाले तारीख कॅलेंडरवर लिहा, म्हणजे नंतर भांडण नको. लिहिली. विद्यापीठात सोमवारी जाते आहे.

आता आईच्या व्हिजिटर व्हिसाचं. सुपर व्हिसा (आईवडिलांना लांब मुक्कामासाठी देतात तो) मिळेल का?

अस्मि (मेलबर्न)

कॅनडाचं मला नक्की माहीत नाही, पण आमच्याकडे आईला बोलावताना ती परत का जाईल हे दाखवण्यावरच सगळा भर होता.

बर्फाळ नाशिककर

सुपर व्हिसा आत्ता नको. त्याला मुलाचं किंवा मुलीचं कॅनडातलं उत्पन्न दाखवावं लागतं आणि वर्षभराचा किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा. तुम्ही नुकत्या उतरलेल्या असाल, उत्पन्न कुठून दाखवणार? साधा व्हिजिटर व्हिसा मागा, त्यावर सहसा सहा महिने राहता येतं. विमा मात्र तरीही काढा. आईंची परत यायची कारणं भक्कम आहेत. बाग, वडील, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. छाटणीच्या आधी परत येणार असं पत्रात स्पष्ट लिहा. आणि अर्ज तुमच्या निर्णयाची वाट न बघता जानेवारीतच टाका, मिळालेला व्हिसा बरेच महिने वैध राहतो.

सातबारा

आईच्या नावावर क्षेत्र असेल तर सातबारा आणि आठ-अ जोडा, सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर. क्षेत्र वडिलांच्याच नावावर असेल तर तसंच सांगा, उगाच घाईनं आईचं नाव चढवायला जाऊ नका. द्राक्ष निर्यात होत असेल तर निर्यातदाराच्या पावत्या आणि बँकेत जमा झालेली रक्कम दाखवा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं विवरणपत्र नसेल, तर एका ओळीत कारण लिहा.

इंदिरानगरची काकू

आणि आईच्या पासपोर्टची मुदत बघितलीस का गं? माझा ऐन वेळी संपत आला होता.

दिंडोरीची लेक

काकू... आईचा पासपोर्टच नाहीये.

सिडकोवाला

मग आजच अर्ज टाका. पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्या, पण त्याआधी आईंच्या आधारवरचं नाव आणि जन्मतारीख तपासा. गावाकडच्या आधारवर नुसतं वर्ष असतं, १ जानेवारी लावून. आमच्या मातोश्रींचं तेच होतं, शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख. शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून काढून ठेवा आणि आधार आधी दुरुस्त करा, नाहीतर पोलीस पडताळणीत अडकाल. दिंडोरीच्या ठाण्यात ओळख आहे का असलं काही विचारू नका, ओळख लागत नाही, फक्त बोलावतील तेव्हा घरी हजर राहायचं. फॉर्म भरायला अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, शनिवारी मोकळा असतो.

दिंडोरीची लेक

आधारवर १ जानेवारीच आहे. :( निरोप केलाय.